बिजागरीतलं तेल

लिफ्टकाकांना सुट्टी मानवत नाही हे त्यांच्या बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला कळून चुकलं. घरात चार पाहुणे जमले होते, ताटं वाढली होती, आणि नवरा फोन खणखणताच दोन घास कोंबून हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाला तो दिवेलागणीला परतला, कोपरापर्यंत ग्रीस माखून आणि तोंडभर हसत. सणाच्या दिवशी इमारतींमध्ये पाहुणे येतात, सहा माणसांच्या लिफ्टमध्ये नऊ चढतात, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे फुगून बसते. बाकीच्या मेकॅनिकांची त्या दिवशी नेमकी पाठ धरायची. काकांची पाठ बत्तीस वर्षांत एकदाही धरली नाही. लोक म्हणायचे, काय हा कष्टाळू माणूस. बायको काही म्हणायची नाही, कारण तिला ठाऊक होतं की फोन आला नाही तर हा गृहस्थ फोनकडे बघत बसतो, आणि ते बघणं फोन येण्यापेक्षा वाईट.

अशा माणसाला कंपनीने पंचावन्नाव्या वर्षी परदेशात पाठवलं. नव्या तऱ्हेच्या लिफ्ट आणायच्या होत्या, त्या शिकून यायला कुणीतरी जुना-जाणता हवा होता, आणि तरुण पोरं शिकली की दुसऱ्या कंपनीत पळतात हा साहेबांचा अनुभव होता. पाच महिन्यांचं शिक्षण, राहायची सोय एका कुटुंबात. तिथली भाषा काकांना पहिल्या दोन महिन्यांत कारखान्यापुरती यायला लागली. नट, तार, दाब, गळती, आवळ, सैल सोड, हे सगळं झकास कळायचं. हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या की मात्र काका नुसती मान डोलवायचे, आणि कधीकधी नको तिथे डोलवायचे.

कुटुंब छोटं होतं. घरच्या बाई शाळेत शिकवायच्या, म्हणून काकांनी मनातल्या मनात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवून टाकलं होतं. तोंडावर मात्र ते त्यांना ताई म्हणायचे, आणि ताई म्हणजे काय हे त्यांनी एकदा समजावून सांगितल्यापासून बाईंनाही ते आवडलं होतं. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला, अबोल माणूस. आणि बाईंचे वडील. आजोबांचं वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काटक, पण डोक्यातला हिशोब सुटलेला. सकाळी जेवले का ते आठवायचं नाही, मुलीला कधी मुलगी म्हणायचे, कधी बहीण. अडतीस वर्षं गावाच्या पंपघरात पंप चालवले होते. पंपघर बंद होऊन बारा वर्षं झाली होती.

काकांचं आणि त्यांचं पहिल्या आठवड्यातच जमलं. झालं असं की आजोबा जाता-येता फ्रिजवर तळवा ठेवायचे, कपडे धुण्याचं यंत्र चालू असलं की त्याच्यावर ठेवायचे, आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे. घरच्यांना तो आजार वाटायचा. काका बत्तीस वर्षं मोटरवर हात ठेवूनच मोटरची तब्येत ओळखत आले होते. त्यांनीही एकदा बाजूला उभं राहून फ्रिजवर तळवा ठेवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच नाक मुरडलं, कारण फ्रिज खरंच घरघरत होता.

मग तिथला वर्षाचा मोठा सण आला. चार दिवस कारखाना बंद, दुकानं बंद, बस बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "तिथे कुणाची लिफ्ट अडकली तरी तुम्हाला कोणी बोलावणार नाही. पाहुण्यासारखे राहा जरा. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" काका म्हणाले.

जमेना. पहिल्या दिवशी पाच वाजता उठून त्यांनी अंथरुणाची घडी घातली, ती मोडून पुन्हा नीट घातली. भांडी घासायला गेले तर मास्तरीणबाईंनी हातातला स्पंज काढून घेतला. "पाहुणे, बसा." टेबल हलवायला धावले तर यजमानांनी खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. "पाहुणे, बसा." बटाटे तरी सोलू द्या म्हणून सुरी उचलली तर ती सुरीही गेली. खुर्चीत बसले की त्यांचा पाय आपोआप हलायला लागायचा आणि टेबलावरचे पेले किणकिणायचे. शेवटी फिरून येतो म्हणून ते बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या आठ मजली इमारतीत शिरले आणि तिथल्या लिफ्टमधून उगाच वरखाली करत आवाज ऐकत राहिले. पाचव्या मजल्याला किंचित हिसका होता. तिसऱ्या फेरीला एका बाईंनी कितव्या मजल्यावर जायचंय असं विचारलं, तेव्हा काका मुकाट्याने बाहेर पडले आणि जिना उतरून घरी आले.

त्या संध्याकाळी मास्तरीणबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात हळूहळू, सोपे शब्द निवडून एक गोष्ट सांगितली. उद्या त्यांचा भाऊ आणि भावजय येणार होते, दुसऱ्या गावाहून. भावाला वडिलांना म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवायचं होतं. तो कागद घेऊनच येणार होता. दोघा भावंडांच्या सह्या लागतात.

"तो वाईट नाही," बाई म्हणाल्या. "त्याला भीती वाटते. एकटे बाहेर गेले तर काय, म्हणतो. पण दोन वर्षांत ते एकदाही एकटे गेले नाहीत. मी शाळेत असले की शेजारीण येऊन बसते, बाकी वेळ माझं लक्ष असतं. मला ऐकू येतं."

"तुम्हाला सोडून त्यांना करमणार नाही," काका म्हणाले. एवढं वाक्य त्यांना बरोबर जमलं.

काय ऐकू येतं, ते बाईंनी सांगितलं नाही, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. आपण वाचणाऱ्यांनी ते आत्ताच ऐकून ठेवलेलं बरं. त्या घराचा बाहेरचा दरवाजा कुरकुरायचा. कुरकुरायचा म्हणजे असा, की मागच्या खोलीत झोपलेला माणूस कूस बदलेल. बाईंनी आधी दाराला कुलूप लावून पाहिलं होतं, तर आजोबा दार बडवून रडले. घंटा लावून पाहिली, तर पंपघरातला धोक्याचा भोंगा वाजला असं वाटून ते थरथर कापायला लागले. कुरकुर मात्र चाळीस वर्षांची ओळखीची, ती त्यांच्या ध्यानातही यायची नाही. आणि बाईंना मात्र वर्गात असल्या तरी ती ऐकू येईल की काय, इतका कान त्या आवाजाला लागला होता. घरच्यांना हे इतकं सवयीचं झालेलं की पाहुण्याला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दार कुरकुरतं, हे काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको भावाला आणायला स्टेशनवर गेले. आजोबा झोपलेले, घर शांत. काका पुढच्या खोलीत पाय हलवत बसलेले. त्या दरवाज्याने त्यांना दोन महिने छळलं होतं. रोज सकाळी कारखान्यात निघताना तो कर्कश आवाज ऐकला की त्यांच्या दाढा शिवशिवायच्या. कामात असताना निभावून जायचं, पण आता दरवाजा समोर, हात रिकामे, आणि स्वयंपाकघराच्या खणात तेलाची बाटली.

पाच मिनिटांचं काम. बुटाचं टोक खाली सरकवून दार जरासं उचललं, तिन्ही बिजागऱ्यांत थेंब-थेंब सोडलं, दार दहा वेळा उघडलं-मिटलं, ओघळलेलं तेल रुमालाने टिपलं. अकराव्या वेळी दार लोण्यासारखं फिरलं. दोन दिवसांत पहिल्यांदा काकांच्या जिवाला बरं वाटलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. काकांच्या धंद्यात एक नियम आहे आणि काका त्या नियमाचे कट्टर. यंत्राला हात लावला की सांगायचं. चौकीदाराला सांगायचं, दारावर पाटी टांगायची, वर मशीनरूममधल्या वहीत लिहायचं: काय काढलं, काय बसवलं, काय सैल सोडलं. एका जुन्या सहकाऱ्याने दाराचा एक स्विच, दार उघडं असतानाही लिफ्ट चालेल असा, तात्पुरता जोडून ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही, तर काकांनी त्याची थेट वरपर्यंत तक्रार केली होती. तो माणूस वर्षभर त्यांच्याशी बोलला नव्हता. शिकाऊ पोरांना ते बजावायचे, काम चुकलं तर चालेल, सांगायला चुकू नका. आणि हेच काका त्या सकाळी तेलाची बाटली खणात जागच्या जागी ठेवून, हात धुऊन, खुर्चीत येऊन बसले. म्हटलं, त्यांचं त्यांना कळेल, जरा गंमत. तेल घातलं हे काय सांगायचं?

मंडळी आली ती सामान, मिठ्या, हसणं, कोट काढा, पिशव्या ठेवा, अशा गलबल्यात. दाराकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. काका थोडे खट्टू झाले.

जेवण दुपारी मागच्या मोठ्या खोलीत होतं. भाऊ गडगडाटी हसणारा निघाला. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या, एकाच सायकलवर तिघं बसून पडल्याची गोष्ट दोघा भावंडांनी एकदम सांगितली, आणि मास्तरीणबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. काकांनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या एरवी जेवताना मान किंचित वाकडी करून जेवायच्या, कुणी हाक मारेल म्हणून बसल्यासारख्या. आज त्या सरळ बसून पोटभर जेवल्या. आजोबा सूप पिऊन झोपायला म्हणून आपल्या खोलीत गेले होते. मग भावाने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला, आणि हसणं बसलं. बोलणं चढत गेलं. निम्मं काकांना कळत नव्हतं, पण घरातलं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ते उठायला लागले, तर तशातही बाई म्हणाल्या, "पाहुणे, बसा."

तासाभराने बाई वडिलांना चहा द्यायला गेल्या आणि कप तसाच घेऊन परत आल्या.

"बाबा खोलीत नाहीत."

घर शोधून झालं, मागचं अंगण झालं. खुंटीवरचा कोट नव्हता. बाई बाहेरच्या दाराशी आल्या, त्यांनी ते ओढलं, घाईत त्यांना कशाचंच भान नव्हतं, आणि रस्त्यावर दोन्हीकडे बघत त्या पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "दार कसं ऐकू आलं नाही मला? दार वाजलं असणार. मी कसं ऐकलं नाही?"

काकांना एका झटक्यात सगळं उमगलं: वाकडी मान, 'मला ऐकू येतं', इतकी वर्षं कुणीच तेल न घातलेलं दार. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. भाषा येत नव्हती म्हणून नव्हे. तेल, बिजागरी, मी, हे तिन्ही शब्द त्यांना पाठ होते. आधी आजोबा सापडू देत, मग सांगू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच त्यांना कळलं की आपण पळवाट काढतोय.

यजमान गाडी घेऊन बाजाराकडे गेले, भाऊ स्टेशनकडे, भावजय शेजाऱ्यांकडे. बाई घरी थांबल्या, वडील परत आले तर कोणीतरी हवं म्हणून. खिडकीशी उभ्या राहिल्या. काकांनी विचारलं, "ताई, पंपघर कुठेय?"

"ते बंद आहे. बारा वर्षं. आणि लांब आहे, कालव्याच्या टोकाला."

"आज सण आहे," काका म्हणाले. "सणाला सगळे एकदम पाणी सोडतात."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकीतून रस्ता दाखवला.

कालवा सरळ होता आणि काठाला कठडा नव्हता. काका पंचावन्न वर्षांचे, पोट सुटलेलं, पण त्या दिवशी ते धावले. दर वीस पावलांवर पाण्याकडे नजर जायची. कोट तरंगताना दिसेल, ह्या भीतीने ते बघायचे आणि बघवत नसल्याने मान फिरवायचे. थंडी वाढत होती, उजेड उतरत होता. मनात एकच घोळत होतं: तुझी हौस. खुर्चीत बसवलं होतं ना तुला? बसला का नाहीस?

पंपघर विटांचं होतं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. कुंपणाची जाळी एका जागी वाकली होती. आत लोखंडी दरवाज्यासमोर आजोबा उभे होते, पायात घरातल्या सपाता, वर कोट, आणि तळवा दारावर टेकवलेला. डोळे मिटलेले. काका गुडघ्यांवर हात टेकून जरा वेळ नुसते श्वास घेत राहिले. मग त्यांनी घरी फोन केला, "सापडले, ताई, ठीक आहेत," एवढं सांगितलं, आणि पलीकडून फक्त हुंदका ऐकू आला.

"बंद पडलाय," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "घरोघर पाहुणे आलेत, आणि पाणी नाही. मी कुठे होतो? मी कुठे गेलो होतो?"

पंपघर बारा वर्षं बंद आहे, हे काका सांगू शकले असते. नाही सांगितलं. "मी पुढच्या पाळीचा," ते म्हणाले. "तुमची पाळी संपली. आता मी बघतो."

आजोबांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग त्यांचे हात धरून उलटे केले, नखांच्या कडांतली कधीच न निघणारी काळी रेघ पाहिली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पाळी बदलताना माणूस जसा कामाचं बोलतो तसं ते बोलायला लागले, आणि त्यातला शब्द न् शब्द काकांना कळत होता.

"एक नंबर बरा आहे. तीनला हात लावू नको, उद्या बघू. दोन नंबरचे नट मी जरा जास्त आवळलेत. घाई झाली. रात्री तापेल. तापला तर ती माझी चूक, तुझी नाही. आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर उगाच तुझ्यावर येईल."

"बरं," काका म्हणाले.

यजमानांची गाडी आली. आजोबा मागच्या सीटवर काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले, काम संपलेल्या माणसासारखे. काकांच्या पायाची हालचाल तेवढी चालूच होती.

घरी आल्यावर आजोबांना गरम पाण्याने पाय धुऊन, पांघरूण घालून झोपवलं. मग सगळे मागच्या खोलीत आले. टेबलावर ताटं तशीच होती, मधे तो कागद. काका दाराशी उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"दोन वर्षं सांगत होतीस मला ऐकू येतं, मला ऐकू येतं," भाऊ म्हणाला. तो ओरडत नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "कालवा आहे तिथे. लक्ष कुठे होतं तुझं?"

"मी हसत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दार वाजलं, आणि मी हसत होते. इतक्या दिवसांनी तू आलास, आणि मला बरं वाटत होतं. मला नाही ऐकू आलं." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुझंच खरं असेल. माझ्याच्याने होत नाही आता."

त्यांनी पेन उचललं. काका पुढे झाले आणि त्यांनी त्या कागदावर आपला जाडजूड हात ठेवला. चारही जण त्यांच्याकडे बघायला लागले.

"ताई, दार वाजलं नाही." त्यांनी बाहेरच्या दाराकडे बोट केलं. "तुम्ही स्टेशनवर गेलात. मी तेल घातलं. तीन बिजागऱ्या. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलं नाही, आणि नंतर सांगितलं नाही. मघाशी कळलं, तरी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

भाऊ उठून बाहेरच्या दाराशी गेला आणि त्याने ते उघडलं, मिटलं, उघडलं. मागच्या खोलीत काहीही ऐकू आलं नाही. तो परत येऊन बसला.

"वाजलंच नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे वाजलं असतं तर मला ऐकू आलं असतं."

"आलं असतं, ताई. तुम्हाला हसतानासुद्धा आलं असतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या रडायला लागल्या, तोंड झाकून नव्हे, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारख्या मोठमोठ्याने. भावाचा हात त्यांच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने त्याने दुसऱ्या हाताने कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

मग बाईंनी नाक पुसलं, उठून उभ्या राहिल्या आणि काकांवर बरसल्या. अंगात आल्यासारख्या बोलत होत्या. कुणाच्या घरात न विचारता हात लावणारे तुम्ही कोण, कालव्यात गेले असते तर, दोन महिने माझ्या घरात जेवलात आणि एक शब्द विचारता आला नाही, असं काहीबाही काकांना मधून मधून कळत होतं, बाकीचं डोक्यावरून जात होतं. यजमानांनी त्यांना आवरायला हात पुढे केला, तर काकांनीच मान हलवून त्यांना थांबवलं. बाई बोलत राहिल्या आणि काका त्यांच्यासमोर हात बांधून उभे होते, मान खाली, पाय स्थिर. कळत नव्हते ते शब्दही त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.